हिमाद्रीहून फील्डवर्कला निघताना: स्वालबार्डच्या वन्यजीवांमध्ये दिवस कसा काढावा

आर्क्टिकमधील भारताचे ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात, नी-ऑलेसुंद या चिमुकल्या वस्तीत आहे. ही जागा जवळजवळ ७९ अंश उत्तर अक्षांशावर असून तिथून उत्तर ध्रुव साधारण १२०० किलोमीटरवर आहे. केंद्र १ जुलै २००८ रोजी सुरू झाले. गोव्यात वास्कोजवळ हेडलँड सडा येथे असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रामार्फत देशातल्या निरनिराळ्या संस्थांचे आणि विद्यापीठांचे संशोधक तिथे जातात आणि काँग्सफ्योर्डन या फ्योर्डच्या, म्हणजे जमिनीत खोल शिरलेल्या समुद्राच्या अरुंद फाट्याच्या, काठी हिमनद्या, हवा, समुद्राचे पाणी, सूक्ष्मजीव अशा विषयांवर काम करतात. डिसेंबर २०२३ पासून भारतीय तुकड्या हिवाळ्यातही तिथे राहू लागल्या आहेत. यांतल्या फार थोड्यांचा अभ्यासविषय वन्यजीव हा असतो. वन्यजीवांशी गाठ मात्र सगळ्यांचीच पडते.

हा लेख पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी आहे. तिथे पोहोचल्यावर बंदुकीचे आणि सुरक्षेचे जे प्रशिक्षण दिले जाते, त्याची जागा हा लेख घेऊ शकत नाही आणि घेऊही नये. त्या प्रशिक्षणातले नियम प्रत्यक्ष दिवसभरात कसे पाळले जातात, ते कुठे सुटतात आणि त्यांच्यामागे काय कारण आहे, एवढे मी इथे सांगणार आहे. मी हिमनदीवरच्या मोजमापांसाठी तिथे गेले होते, त्यामुळे उदाहरणे त्याच कामातली येतील.

आपल्याकडचे काही संशोधक आधी अंटार्क्टिकात, ‘मैत्री’ किंवा ‘भारती’ केंद्रावर, राहून आलेले असतात आणि त्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगावी लागते. अंटार्क्टिकाच्या जमिनीवर माणसाची शिकार करील असा एकही प्राणी नाही. तिथे पेंग्विन आपण होऊन पायाशी येतात आणि डोके खाली घालून तासन्तास काम करण्याची सवय लागते. स्वालबार्डमध्ये ही सवय घातक आहे, कारण तिथे जमीन, बर्फ आणि किनारा या तिन्ही ठिकाणी पांढरे अस्वल फिरते आणि वर्षातला असा एकही महिना नाही की ज्यात ते येणारच नाही असे म्हणता येईल.

आदल्या संध्याकाळी

प्राण्याशी होणारी बहुतेक वाईट गाठ ही आदल्या दिवशीच्या आखणीतली चूक असते, असे माझे ठाम मत आहे. म्हणून नकाशा पसरून बसण्याचे काम सकाळच्या घाईवर सोडू नये. नकाशावर तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, गेल्या काही दिवसांत अस्वल कुठे दिसले आणि ते कोणत्या दिशेने गेले. ही माहिती वस्तीत सतत फिरत असते, जेवणाच्या हॉलमध्येही ती मिळते आणि ती विचारण्यात संकोच करण्याचे काहीच कारण नाही. दुसरी, वाटेत नजर अडवणाऱ्या जागा कोणत्या आहेत: हिमनदीने आणून टाकलेले दगडमातीचे उंचवटे, म्हणजे हिमोढ, किनाऱ्यालगतचे छोटे कडे, ओढ्यांच्या घळी, एखाद्या झोपडीचा कोपरा. अस्वल दूरवरून मोकळ्या बर्फावर चालत येताना दिसले तर वेळ हाताशी असतो. हिमोढाच्या मागून एकदम समोर आले तर तो नसतो. म्हणून वाट थोडी लांबली तरी चालेल, पण ती उघड्यावरून जाणारी असावी. तिसरी गोष्ट म्हणजे ऋतूप्रमाणे बंद असलेल्या जागा. काँग्सफ्योर्डनमधल्या ज्या बेटांवर आयडर बदके आणि बार्नेकल हंस घरटी करतात, ती पक्षी अभयारण्ये आहेत आणि १५ मे ते १५ ऑगस्ट या काळात त्यांवर उतरण्यास, तसेच बोट घेऊन त्यांच्या ३०० मीटरच्या आत जाण्यास मनाई असते. पाण्याचा नमुना घ्यायची जागा या सीमेत येत असेल, तर ती जागा बदलावी किंवा रीतसर परवानगी असल्याखेरीज तिकडे फिरकू नये.

यानंतर जाणाऱ्यांची नावे, ठिकाण, वाट आणि परतण्याची वेळ लिहून ठेवावी आणि मागे राहणाऱ्या एका माणसाने त्या वेळेवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी घ्यावी. नी-ऑलेसुंदमध्ये हे विशेष महत्त्वाचे आहे. तिथल्या भूमापन वेधशाळेच्या दुर्बिणी आकाशातून येणारे अतिशय क्षीण रेडिओ संकेत टिपतात, त्यामुळे २ ते ३२ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात शांतता पाळली जाते आणि वाय-फाय, ब्लूटूथ बंद ठेवावे लागते. खिशातल्या फोनच्या भरवशावर तिथे राहता येत नाही. आधार असतो तो वॉकी-टॉकीचा. तिची बॅटरी रात्री चार्ज करावी, सकाळी निघण्यापूर्वी एकदा बोलून पाहावे आणि वाटेत कोणत्या डोंगराआड आवाज तुटतो याची माहिती जुन्या लोकांकडून करून घ्यावी.

डब्याविषयी दोन शब्द. आपला डबा सुगंधी असतो. फोडणीचा भात, लसणीची चटणी, थालीपीठ यांचा वास आपल्याला थंडीत जाणवतही नाही. पण बर्फाखालच्या सीलचा माग वासावरून काढणाऱ्या अस्वलासाठी तो लांबवरून आलेले आमंत्रण ठरू शकतो. खाणे घट्ट झाकणाच्या डब्यात आणि पिशवीत न्यावे, खरकटे, साली, टी-बॅगसुद्धा परत आणाव्यात, आणि जेवायला बसताना पाठीला पाठ लावून, म्हणजे सगळीकडे कुणाचे तरी डोळे असतील असे बसावे.

वस्तीबाहेर जाणाऱ्या प्रत्येकाकडे अस्वलाला घाबरवून पळवून लावण्याचे योग्य साधन असलेच पाहिजे, असा स्वालबार्डचा कायदा आहे. व्यवहारात हे साधन म्हणजे फ्लेअर पिस्तूल आणि त्याचे मोठा आवाज करणारे गोळे. त्याशिवाय रायफल बाळगण्याची शिफारस आहे आणि नी-ऑलेसुंदहून बाहेर पडणाऱ्या गटात ती असतेच. रायफल ज्याच्या खांद्यावर आहे, त्याने त्याच मोसमात ती चालवून पाहिलेली असावी. २०११ मध्ये स्वालबार्डमधील एका तरुणांच्या तंबूतळावर अस्वलाने हल्ला केला, तेव्हा तंबूभोवती लावलेली धोक्याची तार वाजली नाही आणि रायफलही सुरुवातीला झडली नाही. एका १७ वर्षांच्या मुलाचा त्यात जीव गेला. साधन जवळ असणे आणि ते थंडीत, हातमोजे घातलेल्या बोटांनी, घाबरलेल्या अवस्थेत चालवता येणे यांत किती अंतर आहे, हे त्या घटनेतून कळते. म्हणून आदल्या संध्याकाळी हातमोजे घालूनच रिकाम्या रायफलचा बोल्ट आणि सेफ्टी दहा वेळा फिरवून पाहावी, आणि फ्लेअरचे गोळे बॅगेत न ठेवता बाहेरच्या खिशात, डोळे मिटूनही हाताला लागतील असे ठेवावेत.

रिकाम्या हातांचा पहारा

गटातला एक जण पहारा करतो आणि त्या वेळात दुसरे कोणतेही काम करत नाही. हा नियम ऐकायला सर्वांत सोपा आहे, आणि मोडला जातो तोही सर्वांत जास्त.

तो मोडतो कसा, ते मी स्वतः अनुभवले आहे. माझ्या पहिल्या मोसमात आम्ही दोघे हिमनदीवर होतो. बर्फात रोवलेल्या खुंटीची उघडी लांबी मोजायची होती, वारा होता आणि टेप फडफडत होती. मी सोबत्याला म्हटले, एक टोक जरा धरतोस का, आणि त्याने ते धरले. दोघेही खाली वाकलो, आकडा वाचला, खात्रीसाठी पुन्हा वाचला, वहीत लिहिला. मान वर केली तेव्हा तीस-चाळीस पावलांवर एक रेनडियर उभे होते. थंडीने त्याच्या नाकपुड्यांभोवतीचे केस पांढरे झाले होते आणि ते आमच्याकडे पाहत होते. भोवतालचा बर्फ चारी बाजूंनी मोकळा होता, म्हणजे ते निदान पाच-सात मिनिटे आमच्या दिशेने चालत आले असणार, आणि आम्हा दोघांपैकी एकालाही ते दिसले नव्हते. त्या दिवसानंतर माझ्या गटात पहारेकऱ्याच्या हातात टेप, वही, बाटली काहीही देण्यास मी परवानगी दिलेली नाही. दोन माणसांनी होणार नाही असे काम असेल तर तिसरा माणूस न्यावा, आणि तिसरा मिळत नसेल तर काम पुढे ढकलावे.

पहारा दर अर्ध्या-पाऊण तासाने बदलावा. थंडीत एका जागी उभे राहणाऱ्याचे पाय बधिर होतात आणि पायांमागोमाग लक्षही बधिर होते. पाहण्याचीही एक रीत आहे. आधी जवळचा परिसर नुसत्या डोळ्यांनी, मग दुर्बिणीने दूरचा भाग पट्ट्यापट्ट्याने, डावीकडून उजवीकडे आणि परत. त्यातही किनारा, बर्फाची कड आणि आपली पाठ या तिन्ही बाजू विसरू नयेत. नव्या जागी पोहोचल्यावर सामान उतरवण्याआधी हा पूर्ण फेरा एकदा झालाच पाहिजे. झोपडीतून बाहेर पडताना आधी खिडक्यांतून पाहावे, मग दार उघडावे.

काय शोधायचे, हेही समजून घ्यायला हवे. पांढरे अस्वल बर्फावर पांढरे दिसत नाही. ताज्या बर्फासमोर त्याचा रंग पिवळसर, जुन्या लोणकढ्या तुपासारखा वाटतो. उन्हाळ्यात बर्फ वितळल्यावर तेच अस्वल दगडांत झोपलेले असले तर दगडासारखेच दिसते. म्हणून पिवळट छटेचा एकटा दगड दिसला की त्याची जागा मनात धरून ठेवावी आणि पाच मिनिटांनी पुन्हा पाहावे. दगड तिथेच असेल तर बरे. एका जागी घिरट्या घालणारे कुरव पक्षी दिसले तर तिथे मेलेले सील किंवा रेनडियर असण्याची शक्यता असते आणि त्यापाशी अस्वल असू शकते. पावलांचे ठसे दिसले तर कडा पाहाव्यात: धारदार कडांचे ठसे ताजे असतात, आणि अशा वेळी ठशांच्या मागे जाण्याचा मोह आवरून उलट वाट धरावी.

एप्रिलच्या मध्यापासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत तिथे सूर्य मावळत नाही. या उजेडाने दिवस कधी संपला तेच कळत नाही, मन म्हणते अजून दोन नमुने होतील, आणि थकलेला गट रात्री अकरा वाजता उन्हात काम करत राहतो. परतण्याची वेळ घड्याळावर ठरवावी. डोळ्यांवर आणि उजेडावर ती सोपवू नये.

अस्वल दिसल्यावर

१९७३ मध्ये आर्क्टिकमधील पाच देशांनी पांढऱ्या अस्वलाच्या संरक्षणाचा करार केला आणि त्याच वर्षापासून स्वालबार्डमध्ये त्याची शिकार बंद आहे. अस्वलाचा पाठलाग करणे, त्याला आमिष दाखवणे किंवा त्याला त्रास होईल असे काहीही करणे गुन्हा आहे. १ जानेवारी २०२५ पासून अंतराचा नियमही लागू झाला: अस्वलापासून किमान ३०० मीटर, आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर दूर राहायचे. अस्वल याहून जवळ आढळले तर सावधपणे मागे हटणे ही आपली जबाबदारी आहे. वसंतातले अंतर मोठे ठेवण्यामागे कारण आहे. मार्च-एप्रिलमध्ये माद्या त्या वर्षीची पिल्ले घेऊन बर्फातल्या गुहांतून बाहेर पडतात, कित्येक महिने त्यांनी काही खाल्लेले नसते, आणि फ्योर्डच्या गोठलेल्या पृष्ठभागावर सीलची शिकार करण्याचे हेच मोजके आठवडे असतात. आपल्यामुळे हुकलेली एक शिकार त्या मादीला महागात पडते.

३०० मीटर म्हणजे क्रिकेटच्या मोठ्या मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या अंतराच्या साधारण दुप्पट. ऐकायला हे पुष्कळ वाटते. पण धावणारे अस्वल ताशी ४० किलोमीटरचा वेग गाठू शकते, म्हणजे हे अंतर अर्ध्या मिनिटाच्या आत संपते. शिवाय ध्रुवीय हवा इतकी स्वच्छ असते आणि भोवती झाड, खांब, घर असे मापाला काहीच नसते, की अंतराचा अंदाज नवख्या माणसाचा हमखास चुकतो आणि दूरच्या गोष्टी जवळ भासतात किंवा उलट होते. लेझरचा अंतरमापक असला तर चांगले. नसला तर आपला अंदाज कच्चा आहे असे धरून आणखी मागे सरावे.

अस्वल दूर दिसले आणि त्याने आपल्याला पाहिलेले नसेल, तर कामे थांबवून सर्वांनी एकत्र यावे, हळू आवाजात बोलावे, वॉकी-टॉकीवरून ठिकाण आणि दिशा कळवावी आणि आल्या वाटेने निघून जावे. सामान गोळा करण्यात वेळ जात असेल तर ते तिथेच सोडावे. स्नो-स्कूटर असतील तर त्यांची तोंडे आधीपासूनच परतीच्या दिशेने वळवून ठेवलेली असावीत. कामाच्या जागी पोहोचताच हे करण्याची सवय लावून घ्यावी. एका मे महिन्यात आमच्या पहारेकऱ्याला फ्योर्डच्या बर्फाच्या कडेला अस्वल दिसले. ते दीड किलोमीटरहून लांब होते आणि आमच्याकडे येतही नव्हते. पण त्याची वाट आणि आमची परतीची वाट पुढे एकमेकींना छेदत होती. तीन खुंट्या मोजायच्या राहिल्या असताना आम्ही निघालो. दुर्बिणीतून शेवटचे पाहिले तेव्हा ते बर्फातल्या एका भोकाशी पुढचे पाय दुमडून निश्चल पडले होते, आणि त्या सगळ्या वेळात त्याने आमच्याकडे एकदाही मान वळवली नव्हती. त्या वर्षीच्या तक्त्यात तीन रकाने रिकामे आहेत. मला आजही तो तक्ता पूर्ण वाटतो.

अस्वलाने आपल्याला पाहिले असेल तर त्याच्या वागण्याकडे लक्ष द्यावे. नाक वर करून हवा हुंगणारे किंवा मागच्या पायांवर उभे राहणारे अस्वल बहुधा कुतूहलाने अंदाज घेत असते. मान खाली, कान मागे, फुरफुर आवाज, दातांचा कडकडाट ही त्याला त्रास होत असल्याची खूण आहे. काहीही झाले तरी धावू नये. धावणारी गोष्ट शिकार असते, हे त्याला शिकवावे लागत नाही. सर्वांनी एकमेकांना चिकटून उभे राहावे, त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरकावे आणि त्याची सुटकेची वाट, विशेषतः पाण्याकडची, मोकळी सोडावी. मादी आणि पिल्लू यांच्यामध्ये किंवा अस्वल आणि त्याचे भक्ष्य यांच्यामध्ये आपण आलेलो नाही ना, हे पाहावे.

तरीही ते जवळ येत राहिले, तर मोठ्याने ओरडावे, टाळ्या वाजवाव्यात, इंजिन सुरू करावे आणि फ्लेअर पिस्तूल वापरावे. इथे एक बारकावा फार महत्त्वाचा आहे. गोळा अस्वल आणि आपण यांच्यामध्ये, म्हणजे त्याच्या पुढ्यात फुटला पाहिजे. घाईघाईत तो त्याच्या डोक्यावरून पलीकडे गेला आणि मागे फुटला, तर अस्वल आवाजापासून दूर म्हणून आपल्याच दिशेने धावते. त्याच वेळी रायफलधारकाने गुडघ्यावर बसून तयार राहावे आणि बाकीच्यांनी त्याच्या मागे उभे राहावे. गोळी झाडणे हा जीव वाचवण्याचा अगदी शेवटचा मार्ग आहे, आणि ती वेळ आलीच तर डोक्यावर नेम न धरता छातीवर धरावा, असे प्रशिक्षणात शिकवतात. त्यानंतर लगेच स्वालबार्डच्या राज्यपालांच्या कार्यालयाला कळवावे लागते आणि अस्वलाला हात न लावता त्यांची वाट पाहावी लागते; घटनेची पूर्ण चौकशी होते. ती चौकशी योग्यच आहे असे मला वाटते, कारण मेलेल्या अस्वलामागे बहुधा आपली एखादी टाळता येण्याजोगी चूक असते.

वस्तीच्या आसपास असताना अस्वल आल्याचे कळले तर सर्वांत जवळच्या घरात शिरावे. नी-ऑलेसुंदमधल्या घरांची दारे याच कारणासाठी कुलूपबंद नसतात. कुणाचे घर, विचारून जावे का, असले आपले शिष्टाचार त्या क्षणी बाजूला ठेवावेत.

पायाखालची घरटी

अस्वलाची भीती सगळ्यांनाच असते, म्हणून त्याबाबतीत माणसे काळजी घेतात. खरे नुकसान आपण करतो ते पक्ष्यांचे, आणि ते आपल्या लक्षातही येत नाही. टुंड्रावर झाड नाही, झुडूप नाही. जवळपास सगळे पक्षी जमिनीवर, गोट्यांमध्ये आणि शेवाळात अंडी घालतात. जून-जुलैत प्रत्येक पाऊल पाहून टाकावे लागते.

आयडर बदकाची मादी दगडासारखी तपकिरी असते आणि पाय जवळजवळ तिच्यावर पडेपर्यंत हलत नाही. ती उडालीच, तर अंडी उघडी पडतात आणि वर टपून असलेला मोठा ग्लॉकस कुरव काही क्षणांत ती उचलतो. असे पक्षी उठताना दिसले की पुढे जाऊन घरटे पाहण्याचा, फोटो काढण्याचा विचार सोडावा, आहे तिथे थांबावे, आणि ज्या पावलांनी आलो त्याच पावलांवरून मागे जाऊन लांबून वळसा घालावा. स्कुआ जातीचा पक्षी पंख मोडल्यासारखा जमिनीवर फडफडत लंगडताना दिसला, तर तो जखमी नाही. आपल्याला घरट्यापासून दूर नेण्यासाठी तो हे करत असतो, आणि याचा अर्थ घरटे आपल्या अगदी जवळ आहे. तो नेतो तिकडे निमूट जावे. त्याने निवडलेली दिशाच बरोबर असते.

आर्क्टिक सुरय हा पक्षी तर वस्तीतच, रस्त्याच्या कडेला घरटी करतो. जेमतेम शंभर ग्रॅम वजनाचा हा जीव अंटार्क्टिकाच्या समुद्रापर्यंत जाऊन दर वर्षी परत येतो, आणि त्याच्या घरट्याजवळून कुणी गेले की थेट डोक्यावर झेपावतो. लालभडक चोच टोपीतून लागते आणि रक्तही काढते. तो नेहमी सर्वांत उंच टोकावर हल्ला करतो, म्हणून एक काठी डोक्याच्या वर उभी धरून चालावे. मग चोच काठीच्या टोकाला बसते. काठी फिरवू मात्र नये. तिच्या फटक्याने पक्षी मरतो. हात डोक्यावर आडवे धरून पळत सुटण्यापेक्षा सरळ, न थांबता चालत गेले तर पंधरा-वीस पावलांत त्याचा राग शमतो.

मेलेल्या पक्ष्याला हात लावू नये. २०२२ पासून स्वालबार्डमध्ये पक्ष्यांच्या इन्फ्लुएंझाची लागण आढळली आहे, आणि २०२३ मध्ये मेलेल्या एका वॉलरसमध्येही हा विषाणू सापडला. जागा टिपून घ्यावी, कळवावे, आणि दुसऱ्या ठिकाणी जाण्यापूर्वी बुटांचे तळवे घासून धुवावेत.

रेनडियर, कोल्हा आणि पाण्याकाठचे प्राणी

स्वालबार्डचे रेनडियर आखूड पायांचे, गुबगुबीत आणि विलक्षण शांत असते. नी-ऑलेसुंद ज्यावर आहे त्या ब्रॉग्गर द्वीपकल्पावर ते १९७८ मध्ये पुन्हा आणून सोडण्यात आले. ते पळत नाही म्हणून त्याला आपला त्रास होत नाही, असा समज करून घेऊ नये. हिवाळ्यात बर्फावर पाऊस पडला की जमिनीवर काचेसारखा थर बसतो आणि खालचा चारा त्याला मिळत नाही. मार्च-एप्रिलपर्यंत ते उन्हाळ्यात साठवलेल्या चरबीवर कसेबसे जगत असते, आणि स्नो-स्कूटरला बिचकून मारलेली प्रत्येक धाव त्या शिल्लकीतून जाते. चरणाऱ्या प्राण्याने मान वर केली की आपण फार जवळ आलो, एवढी एक खूण लक्षात ठेवावी. मग थांबावे, ते पुन्हा चरू लागेपर्यंत वाट पाहावी, आणि लांबून जावे.

ध्रुवीय कोल्हा वस्तीजवळ धीट होतो आणि हंसांच्या पिल्लांच्या मागे घरांमधून फिरतो. आपल्या घरी कावळ्याला घास आणि दारातल्या कुत्र्याला भाकरी घातल्याशिवाय आई जेवत नाही. ती सवय हाताला लागलेली असते, हे मला ठाऊक आहे. इथे मात्र तो हात आवरावा लागतो. माणसाच्या हातचे खाणारा कोल्हा माणसाच्या जवळ येऊ लागतो, आणि स्वालबार्डमधल्या कोल्ह्यांत आणि रेनडियरमध्ये रेबीज आढळलेला आहे. अतिधीट, झोकांड्या खाणारा किंवा अंगावर येणारा कोल्हा दिसल्यास दूर जाऊन कळवावे. चावा किंवा ओरखडा झालाच, तर साबण आणि वाहत्या पाण्याने जखम पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच वैद्यकीय मदत मागावी. रुग्णालय लाँगयरब्येनला, म्हणजे स्वालबार्डच्या मुख्य वस्तीत, आहे आणि तिथे विमानाने किंवा बोटीने जावे लागते, म्हणून संध्याकाळपर्यंत पाहू, असे म्हणू नये. याच कारणाने मेलेल्या रेनडियरची शिंगे आठवण म्हणून उचलण्याचा विचारही करू नये.

पाण्यावर काम करणाऱ्यांनी वॉलरसपासून विशेष सावध राहावे. बेसुमार शिकारीमुळे तो स्वालबार्डमधून नाहीसा होण्याच्या बेतात होता आणि १९५२ पासून त्याला संरक्षण आहे. किनाऱ्यावर पहुडलेला कळप आळशी वाटतो, पण एक जण दचकला की सगळे एकदम पाण्याकडे धावतात आणि त्यात पिल्ले चिरडली जातात. त्यांच्या आणि पाण्याच्या मध्ये कधीही जाऊ नये. पाण्यातला एकटा वॉलरस रबरी बोटीला सुळ्यांनी फाडू शकतो. तो बोटीकडे येत असेल, तर इंजिन चालू ठेवून उथळ पाण्याकडे सरावे. बर्फावर पडलेल्या सीलने डोके उचलले, तर रेनडियरचाच नियम लावावा. पांढरे बेलुगा व्हेल कधी कधी किनाऱ्याच्या अगदी जवळून रांगेने जातात. तेव्हा इंजिन मंद करून ते जाईपर्यंत थांबावे. एवढा वेळ द्यायला कुणालाही जड जाऊ नये.

परतल्यावर

वस्तीच्या सीमेवर, आत पाऊल टाकण्याआधी, रायफल रिकामी करावी. काडतुसे मोजावीत, बोल्ट मागे ओढून चेंबरमध्ये बोट घालून पाहावे आणि सोबत्यालाही पाहायला सांगावे. परत आल्याची खबर ज्याच्याकडे वेळ नोंदवली होती त्याला द्यावी. आपण जेवायला बसलो आहोत आणि तो अजून घड्याळाकडे पाहत आहे, असे होऊ नये.

मग अंग गरम होण्याआधी, आठवण ताजी असताना, दिसलेल्या प्राण्यांची नोंद करावी: कोणता, किती, कुठे, किती वाजता, अंदाजे अंतर, वाऱ्याची दिशा आणि तो काय करत होता. समुद्री सस्तन प्राणी दिसल्याच्या अशा नोंदी नॉर्वेजियन पोलर इन्स्टिट्यूट गोळा करते, त्यामुळे हिमनदीवर किंवा हवेवर काम करणाऱ्याची नोंदही उपयोगी पडते. मी एक रकाना वाढवला आहे: आपल्यामुळे प्राण्याचे वागणे बदलले का. त्यात ‘हो’ लिहावे लागले, तर त्याखालीच आपण नेमके कुठे होतो आणि किती उशिरा थांबलो, ते लिहावे, आणि दुसऱ्या दिवशीचा नकाशा पसरताना वहीचे ते पान शेजारी उघडून ठेवावे.